न उघडणारी कळशी घेऊन रामेश्वरला

रामेश्वरला जायचं ठरवलं ते आमच्या सासूबाईंनी, आणि तेही आम्हा कोणाला न विचारता. एकाहत्तरची लढाई सुरू होती. माझे धाकटे दीर मधुकर पूर्वेच्या आघाडीवर होते आणि पाच आठवडे त्यांचं पत्र नव्हतं. एका सकाळी सासूबाई एकट्याच रिक्षा करून ग्वारीघाटावर गेल्या, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि नर्मदामाईला बोलून आल्या: माझा मधू धडधाकट घरी येऊ दे, तुझं पाणी नेऊन रामेश्वराच्या पिंडीवर घालीन, वाटेत एक थेंब सांडू देणार नाही आणि भांडं जमिनीला टेकवणार नाही. हे आम्हाला कळलं ते त्या ओलं लुगडं वाळत घालत होत्या तेव्हा. जबलपूर कुठे, रामेश्वर कुठे! पण नवस बोलून झाला होता, त्यात आता घासाघीस चालणार नव्हती.

भाऊजी परत आले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. वस्तीने बँड लावला, हार घातले, सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. फक्त एक झालं, हा बडबड्या माणूस गप्प होऊन आला होता. विचारलं तेवढंच बोलायचा. लढाईचं काही विचारलं तर "ठीक होतं" म्हणून अंगणात निघून जायचा.

आणि आमचे हे? हे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. आता इतकी वर्षं झाली म्हणून लिहिते, नाहीतर फॅक्टरीतलं घरात बोलायचं नाही असा तेव्हा दंडक होता. लाकडी पेटीच्या आत पत्र्याची पेटी असते. माल भरला की पत्र्याचं झाकण वितळत्या कथलाने झाळून बंद करायचं, म्हणजे हवा नाही, ओल नाही. मग ती गरम पाण्यात बुडवायची. एक बुडबुडा दिसला की पेटी बाद. लढाईच्या दिवसांत बारा-बारा तासांची पाळी असायची. घरी यायचे तेव्हा बोटांवर भाजल्याचे चट्टे आणि डोळे लाल. भाऊजींच्या स्वागताच्या दिवशी शेजारचे एक गृहस्थ यांना म्हणाले, "छोटे भैया तो मोर्चे पर थे, और आप?" हे हसून म्हणाले, "मैं डिब्बे बंद करता हूँ जी." सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सुनेने भरल्या अंगणात काय बोलायचं! माणसाने हार मागू नये हे खरं, पण मला तो सल राहिला.

लढाई संपून वर्ष उलटलं, भाऊजींना लांब रजा मिळाली, यांना एलटीसी मिळाली, आणि संक्रांतीनंतर सासूबाई, भाऊजी, हे आणि मी असं निघायचं ठरलं. तुम्हीही दक्षिणेत जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीच धरा. तिकडचा पाऊस संपलेला असतो आणि ऊन अजून अंगावर येत नाही.

पाण्याचं काम यांनी अंगावर घेतलं. बाजारातून तांब्याची लहान कळशी आणि वेगळा तांब्याचा पत्रा आणला. ग्वारीघाटावर सासूबाईंनी स्वतः पाणी भरलं, पुजाऱ्याने त्यात फूल वाहिलं, आणि तिथून घरापर्यंत कळशी मांडीवरच. घरी ती पाळण्याच्या कडीला टांगली आणि यांनी तोंडावर पत्र्याची चकती बसवून सांधा झाळला. असा झाळला की फॅक्टरीतल्या साहेबाने शाबासकी द्यावी. मग कळशी उलटी टांगून खाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागद कोरडा. हे म्हणाले, "आता भूकंप झाला तरी थेंब सांडणार नाही." सासूबाईंनी पहिल्यांदाच थोरल्या लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. ती उघडायची कशी, हे कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

इटारसी ते मद्रास

जबलपूरहून इटारसीला गेलो, तिथे गाडी बदलली आणि मद्रासची गाडी धरली. जुन्या नऊवारीची झोळी करून कळशी वरच्या बर्थच्या साखळीला टांगली होती. फलाटावर उतरलं की चौघांपैकी एकाच्या कडेवर. इटारसीच्या फलाटावर यांनी कळशी कडेवर घेऊन तासभर येरझाऱ्या घातल्या. लोकांना वाटलं बाळ रडतंय.

नागपूरला संत्र्यांच्या टोपल्यांबरोबर एक बाई चढल्या. झोळीकडे पाहून म्हणाल्या, "काहून वं, लेकरू निजलं का?"

सासूबाई म्हणाल्या, "नाही जी. नर्मदामाई हाय. रामेश्वरले घेऊन चाललो."

बाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि झोळीला हात लावून नमस्कार केला. झालं! बल्लारशापर्यंत डब्यातली अर्धी माणसं पाया पडून गेली. कोणी झोळीत शेवंतीचं फूल टाकलं, कोणी संत्रं. संत्री आम्ही खाल्ली. भाऊजी खिडकीशी बसून सगळं पाहत होते, आणि संत्र्याची साल मात्र त्यांनी अशी एका तुकड्यात सोलली की मी पाहत राहिले.

सासूबाईंनी बाहेरचं खायचं नाही म्हणून दशम्यांचा डबा घेतला होता. विजयवाड्याला दशम्या संपल्या. हे पानात गुंडाळलेल्या इडल्या घेऊन आले. सासूबाईंनी एक इडली हातात घेऊन उलटसुलट पाहिली, वास घेतला आणि निकाल दिला, "वाफेवरचं चालते." त्यानंतर दक्षिणेतलं जवळजवळ सगळंच त्यांच्या दृष्टीने वाफेवरचं होतं, अगदी मेदूवडासुद्धा.

मद्रासला एक दिवस काढा, हे माझं सांगणं आहे. तेव्हा केळीच्या पानावर दीड-दोन रुपयांत पोटभर जेवण मिळायचं आणि वाढणारा तुम्ही आडवा हात लावेपर्यंत थांबायचा नाही. कॉफी पितळेच्या वाटी-पेल्यात देतात, ती हातभर वरून ओतून निववायची असते. यांनी पहिल्याच प्रयत्नात शर्टावर सांडली. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, माही कळशी याने भरली नाही." मैलापूरच्या देवळाचं गोपूर पाहून मान दुखली. एवढं उंच, एवढं रंगीत, आणि त्यावरच्या एकेका मूर्तीचे डोळे उघडे! हे सगळं आपल्या माणसांनी केलंय, असं मनात येऊन ऊर भरून आला.

पांबनचा पूल

मद्रासच्या दुसऱ्या स्टेशनवरून, एग्मोरहून, छोट्या रुळांची गाडी होती. आता ते रूळही गेले आणि पांबनला नवा पूलही झाला, तेव्हा गाड्यांचं तुमचं तुम्ही पाहून घ्या. पण पुलावरून सकाळी जाणारी गाडी निवडा, एवढं ऐका. दोन्ही बाजूंना समुद्र, कठडा जवळजवळ नाही, आणि गाडी पायी चालल्यासारखी. सासूबाईंनी कळशी मांडीवर घेऊन रामनाम सुरू केलं. आमचे हे खिडकीतून डोकं बाहेर काढून पुलाचे रिव्हेट पाहत होते. "काम पाहा, काम पाहा," एवढंच त्यांचं चाललं होतं. भाऊजींनी मात्र पाणी दिसल्याबरोबर तोंड फिरवलं आणि पूल संपेपर्यंत डब्याच्या फळीकडे बघत बसले. 

रामेश्वरला टांग्याने तिथल्या एका गुरुजींच्या घरी उतरलो. आणि इथे आम्हाला आमच्या आयुष्यातलं एक आश्चर्य भेटलं. गुरुजी मराठीत बोलले! तिथल्या देवळाची पूजा करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहेत. त्यांची मराठी पोथीतून उचलल्यासारखी, वर तमिळ हेल.

"कोठून आलांत तुम्ही?"

"जबलपूरहून," हे म्हणाले. "आमचं मूळ गाव वर्ध्याकडचं."

"आमचें मूळ गांव ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "घरांत ही भाषा आहे, तेवढें ठाऊक."

आमच्या मराठीत अर्धी हिंदी, त्यांच्या मराठीत अर्धी तमिळ. तरी अर्ध्या तासात सासूबाई त्यांच्या बायकोबरोबर चुलीपाशी बसून आमटीत चिंच किती घालायची यावर वाद घालत होत्या. इतक्या लांब, समुद्राच्या टोकाला, कोणीतरी आपली भाषा जपून ठेवली आहे, याचा मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

संध्याकाळी देवळाचा मोठा सोपा पाहिला. खांबांची रांग अशी की पलीकडचं टोक दिसता दिसत नाही. भाविक हात जोडून चालले होते आणि आमचे हे दगडांच्या सांध्यांवरून नख फिरवत चालले होते. मी कोपराने ढोसलं तर म्हणाले, "अगं, नख अडकत नाही. हा माल मी पास केला."

कळशी

दुसऱ्या दिवशी पहाटे, कळशी गुरुजींच्या घरी कडीला टांगून, समुद्रस्नान, मग देवळातल्या बावीस कुंडांचं पाणी. विहिरीवर उभा असलेला माणूस बादली ओढून डोक्यावर ओततो, की पळत पुढच्या विहिरीकडे. बदलायचे कोरडे कपडे जवळ ठेवा आणि चप्पल घरीच सोडा. सासूबाई बाविसाव्या कुंडाला पोचल्या तेव्हा आम्ही तिघं दमलो होतो, त्या नाही.

गुरुजींनी सांगितलं होतं, पाणी मोकळ्या भांड्यात घेऊन या. दुपारी गाभारा बंद होण्याआधी अभिषेक करू. आमची मदुराईची गाडी दुपारची होती, आणि भाऊजींची रजा संपत आल्यामुळे एक दिवससुद्धा वाढवता येणार नव्हता. गुरुजींच्या ओसरीवर सासूबाई मांडी घालून बसल्या, कळशी मांडीत. यांनी खिशातला चाकू काढला आणि सांध्यात टोक घातलं.

टोक शिरलं नाही. यांनी जोर लावला. चाकूचं टोक वाकलं. गुरुजींच्या बायकोने विळा दिला, मग खिळा दिला. सांधा जसाच्या तसा. झाळणी तापवून सांधा वितळवता आला असता, पण झाळणी जबलपूरला. गुरुजींनी गावातल्या कल्हईवाल्याकडे निरोप पाठवला. तो पलीकडच्या गावी गेला होता, संध्याकाळी येणार होता.

गुरुजी घाबरत घाबरत म्हणाले, "आई, गंगेचें पाणी येथे मिळतें. तें घालूं. संकल्प तुमचाच."

"गंगामाईले म्या शब्द नाही देल्ला," सासूबाई म्हणाल्या. "जिले देल्ला, ते इथं मांडीवर बसून हाय."

ऊन ओसरीच्या पायरीवर आलं. यांच्या कपाळावरून घाम कळशीवर पडू नये म्हणून मी पदराने टिपत होते. वीस वर्षं ज्याच्या हाताखालची पेटी बाद झाली नाही, तो माणूस आईचा नवस स्वतःच्या हाताने बंद करून बसला होता. हे एकदाच म्हणाले, "आई, चुकलंच माझं." त्यांचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मला वाटलं, आता जन्मभर हे असंच मान खाली घालून राहणार, आणि घरी गेल्यावर शेजारचे ते गृहस्थ पुन्हा हसणार.

भाऊजी खांबाला टेकून बसले होते. ते उठले.

"दादा, सांध्याच्या मागे काहून लागून राहिला तू? तुझा सांधा नाही उघडायचा."

"मग?"

"पत्रा काप. सांध्यापासून बोटभर आत."

हे त्यांच्याकडे बघतच राहिले. "चांगला पत्रा आहे रे तो. त्याला भोक काय पाडायचं?"

हेच तर होतं. ज्यांनी उभा जन्म पत्र्याला टाचणीएवढं भोक दिसलं की पेटी बाद केली, त्यांचा हात पत्र्यावर कसा उठावा! पत्रा हा त्यांच्या लेखी देव होता. सांधा सोडून दुसरीकडे बघायचं डोक्यातच येत नव्हतं.

भाऊजींनी यांच्या हातातला खिळा घेतला, अंगणातला एक गोल दगड उचलला आणि आईसमोर गुडघ्यांवर बसले. "आई, हलू नको."

"मी काहाले हलू," सासूबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी कळशी धरली.

दोन हलके ठोके. एक भोक पडलं. समोरच्या बाजूला दुसरं, हवा यायला. मग पहिल्या भोकात विळ्याचं टोक घालून ते हळूहळू गोल फिरवत गेले. पत्रा कुरकुरत उघडत होता. सासूबाईंच्या मांडीवर एक थेंब नाही. भाऊजींच्या हातांना कसली घाई नव्हती. हे काम त्यांनी किती वेळा केलं असेल, हे आम्हाला तेव्हा कळलं.

हात चालू ठेवूनच ते बोलायला लागले. लढाईबद्दल, वर्षभरात पहिल्यांदा.

"आम्ही असंच उघडायचो दादा. ओढायची पट्टी असते ना पेटीला, ती थंडीत तुटून हातात यायची. एक नदी ओलांडताना आमची नाव उलटली. पेट्या तळाला गेल्या. आमच्याजवळ बाकी काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बुड्या मारून पेट्या काढल्या. लाकूड फुगून गेलं होतं. पत्रा कापला..."

ते थांबले. चकती शेवटच्या बोटभर कडेवर लोंबत होती.

"कापला आणि?" यांनी विचारलं.

"कोरडं. आत एकदम कोरडं, दादा. त्या मालावर आम्ही दोन दिवस काढले. मागची मदत येईपर्यंत."

"आणि ओल गेली असती तर?"

भाऊजींनी चकती उचलून बाजूला ठेवली. "तर आईचा हा नवस फिटायला मी नसतो आलो."

हे उठले आणि खांबाकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. मी त्यांच्या पाठीला हात लावला नाही, पण मला इतका गर्व झाला होता की तो चेहऱ्यावर मावत नव्हता, आणि मी तो लपवलाही नाही. सासूबाईंनी कळशीत डोकावून पाहिलं. ग्वारीघाटचं फूलसुद्धा आत तसंच तरंगत होतं.

पिंडीवर पाणी आपल्या हाताने घालता येत नाही, हे आधी माहीत असू द्या. आपल्याकडच्यासारखं तिथे नसतं. सासूबाईंनी कळशी उंबरठ्यापर्यंत नेली आणि तिथे गुरुजींच्या हातात दिली. तेलाच्या दिव्यांत त्यांनी "नर्मदे हर" म्हणत ती धार पिंडीवर धरली. शेवटचा थेंब पडेपर्यंत सासूबाईंनी पापणी हलवली नाही. मग त्या यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "वसंता, सांडलं नाही रे."

मदुराई आणि घर

मदुराईला मीनाक्षीचं देऊळ आहे, आणि त्यावर मी लिहीत बसले तर दुसरा दिवस उजाडेल. सकाळी जा, कडेच्या बाजारातून मोगऱ्याचे गजरे घ्या, सोनेरी कमळाच्या तळ्याच्या पायरीवर निवांत बसा. मला त्या गावातलं लक्षात राहिलं ते एवढंच, की दोघे भाऊ त्या पायरीवर दोन तास बोलत बसले होते. एक विचारत होता, थंडीत सांधा तडकायचा का, बायका-पोरांची आलेली पत्रं रिकाम्या पेटीत ठेवायचात का, पट्टी नेमकी कुठे तुटायची. दुसरा सांगत होता. सासूबाई आणि मी गजरे माळून देवीला तीन प्रदक्षिणा घातल्या, तरी त्यांचं संपलं नव्हतं.

यात्रेहून आल्यावर मावंदं घालायचं असतं. चार माणसांना पुरणपोळी वाढून देवाचं तीर्थ द्यायचं, एवढाच बेत होता. पण हे पाळीवर गेले आणि त्यांनी ओसरीवरची गोष्ट आपल्या विभागात सांगितली. रविवारी, दुपारच्या पाळीआधी, अंगणात तीसेक माणसं येऊन उभी राहिली. कोणाला बोलावणं नव्हतं. मी कणकेचा दुसरा गोळा तिंबायला घेतला. कोणी हिंदी बोलणारे, कोणी बंगाली, एक दाढीवाले सरदारजी, सगळ्यांच्या बोटांवर तसेच चट्टे. या माणसांनी आयुष्यभर पेट्या बंद केल्या होत्या. आपली पेटी पुढे कोणी उघडली, कुठे उघडली, आत काय निघालं, हे त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं.

जो भाऊजी आम्हाला वर्षभर लढाईचा एक शब्द बोलला नाही, त्याने ती गोष्ट त्या दिवशी पाच वेळा सांगितली. एक पंगत उठली की दुसरी बसायची आणि पुन्हा विचारायची. शेजारचे ते गृहस्थही कुंपणाशी उभे राहून ऐकत होते. मी त्यांनाही पोळी वाढली, तूप जरा जास्तच घालून.

इतक्या वर्षांनी रामेश्वरचे खांब विचाराल तर मला रंग आठवत नाही. समुद्राचा आवाज अंधूक आठवतो. देवाने काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी त्या रविवारच्या अंगणाकडे बोट दाखवते. नवऱ्याच्या कामाचा मला आधीही अभिमान होता, पण तो माझ्यापुरता होता. त्या दिवशी तो तीस माणसांच्या चेहऱ्यांवर मी पाहिला.

शेवटच्या पंगतीत एक म्हातारे मिस्त्री होते, वर्षभरात निवृत्त होणारे. त्यांनी सगळं ऐकलं, पण जेवेनात. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी भाऊजींना विचारलं, "बेटा, सच बोलो. एक बूँद भी नहीं?"

"नहीं चाचा. एक बूँद भी नहीं."

त्यांनी मान हलवली, पोळी पुरी संपवली, हात धुतले आणि अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चलो भाई, दो बजे की पाली है."